हिगाकी तोमोएच्या मारेकरी पेशी

कानाझावाच्या त्या मेडिकल कॉलेजात दर वर्षी थंडी पडायच्या आधी उंदरांचं श्राद्ध घालतात. प्राणिगृहामागे एक उभा दगड आहे. त्याच्यापुढे झाडून सगळे संशोधक काळे कोट चढवून रांगेत उभे राहतात, एकेक पांढरं शेवंतीचं फूल ठेवतात, उदबत्ती लावतात आणि हात जोडतात. वर्षभर ज्यांनी उंदरांना सुया टोचलेल्या असतात, तेच त्या दिवशी डोळे मिटून गंभीर चेहरे करतात. त्यात ढोंग किती आणि खरं किती, हे ज्याचं त्याला ठाऊक. इसोनो चिहारू मात्र मनापासून नमस्कार करायची. फक्त तो उंदरांना नसायचा.

तो असायचा हिगाकी तोमोएला. तोमोए तिची लॅबमधली सीनियर. अँटिबॉडीचं काम चिहारू तिच्याच हाताखाली शिकली, आणि शिव्याही तिच्याच खाल्ल्या. तीन हिवाळ्यांपूर्वी नोतोच्या किनाऱ्याकडच्या रस्त्यावर बर्फात गाडी घसरली आणि तोमोए गेली. तिच्या गावाच्या देवळात तिची कबर आहे, तिचा फोटो घरच्या देव्हाऱ्यात आहे. तरी चिहारूला ती तिथे आहे असं कधी वाटलं नाही. ती लॅबमध्ये होती. नायट्रोजनच्या टाकीत, गोठलेल्या कुप्यांत, बऱ्यापैकी जिवंत.

हे नीट सांगायला हवं. उगाजिन सेन्सेईंची, म्हणजे उगाजिन सरांची, ती लॅब माणसाच्या रक्तातल्या मारेकरी पेशींवर काम करायची. या पेशी अंगात रात्रंदिवस गस्त घालतात. वाटेत भेटेल त्या पेशीला चाचपून बघतात, आणि घरची खूण सापडली नाही तर तिथल्या तिथे मारून टाकतात. खूण सापडली तर सोडून देतात, कारण त्यांच्या अंगावर त्यांना आवरून धरणारे काही ग्राही असतात. लॅबमध्ये सगळे त्यांना लगाम म्हणत. खूण हाताला लागली की लगाम खेचला जातो. पण हे लगाम अनेक तऱ्हांचे, एकाच आईच्या लेकरांसारखे दिसणारे, आणि कुठल्या पेशीवर कुठला आहे ते नुसत्या डोळ्याने कळत नाही. त्यासाठी अशी अँटिबॉडी लागते, जी नेमकी एकाच लगामाला जाऊन धरेल आणि शेजारच्याला हात लावणार नाही.

अशी एक अँटिबॉडी तयार करण्यात तोमोएने आपली उमेदीची वर्षं घातली. त्या लॅबमध्ये रक्त लागलं की एकमेकांचंच काढायची पद्धत होती. सकाळी कुणाची तरी बाही वर जायचीच. पण तोमोए बहुतेक वेळा स्वतःचाच दंड पुढे करायची. "दुसऱ्याचं मागायचं म्हणजे हसून बोलावं लागतं," ती म्हणायची, "आणि मला सकाळी सकाळी हसता येत नाही." स्वतःच्याच मारेकरी पेशी तिने उंदरांना टोचल्या. त्यातल्या एका उंदराच्या शरीराने बरोबर तो एक लगाम ओळखणारी अँटिबॉडी घडवली. मग त्या उंदराची प्लीहा काढून तिच्या पेशींचं कर्करोगाच्या पेशींशी लग्न लावलं, म्हणजे त्या मरायचं विसरून जातात. हे सगळ्या लॅबमध्ये असंच करतात, त्यात वावगं काही नाही.

पण पुढे असं झालं की उंदीर मेला, तोमोएही गेली, आणि उंदराच्या त्या पेशी मात्र उबेच्या कपाटात मजेत वाढत राहिल्या. रोज नवीन अँटिबॉडी घडवत राहिल्या. एकाच बाईला शोधणारे, तिलाच जाऊन धरणारे असंख्य हात, आणि ती बाई जगात नाही. त्या पेशींचं पाणी बदलताना चिहारूला कधीकधी हे इतकं अंगावर यायचं, की ती काम अर्धं टाकून बाहेर जिन्यात जाऊन बसायची.

आणि टाकीतल्या कुप्या. तोमोएने आपल्याच अँटिबॉडीच्या मदतीने आपल्याच रक्तातून, ज्यांच्यावर फक्त तो एक लगाम आहे अशा पेशी निवडून काढल्या होत्या, वाढवल्या होत्या आणि गोठवून ठेवल्या होत्या. नवीन कुठलीही अँटिबॉडी आली की तिची परीक्षा या पेशींवर व्हायची. कुपी काढायची, कोमट पाण्यात धरायची. बर्फ विरघळत आला की चिहारू हळूच म्हणायची, "उठा, हिगाकीसान." दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं की त्या पाय पसरून चालायला लागलेल्या असायच्या. त्या वेळी आपल्या पाठीमागच्या स्टुलावर कुणीतरी बसलेलं आहे, असं तिला वाटायचं. युझू नावाच्या लिंबाच्या सालीचा वास यायचा. तोमोए हाताला युझूचं क्रीम लावायची, हातमोज्यांनी तिची कातडी फुटायची म्हणून. विज्ञान शिकलेल्या बाईने असलं काही बोलू नये, म्हणून चिहारू कुणाला बोलली नाही. ती मागे वळूनही बघत नसे. भीती वाटायची म्हणून नव्हे. स्टूल रिकामं दिसेल म्हणून.

यंदा टाकीत एकच कुपी उरली होती. मार्चमध्ये सेन्सेई निवृत्त होणार, लॅब बंद होणार, टाक्या रिकाम्या करून मेलेल्या माणसांचे नमुने जाळून टाकायचे, असा वरून हुकूम आला होता. सेन्सेई म्हणाले, "इसोनो, ती एक काढून वापरून टाक. नाहीतरी जाळायचीच आहे." चिहारू हो म्हणाली आणि गेले दोन महिने टाळत होती.

श्राद्धाला तोमोएची आई दर वर्षी यायची. पहिल्या वर्षी सेन्सेईंनी भिडेखातर बोलावलं, आणि मग ती येतच राहिली. हिगाकी सुमी, सत्तरीची, काटक, मान ताठ. नोतोतल्या एका वाडीवर ती कोंका घालते, म्हणजे बांगडा मीठ लावून भाताच्या कोंड्यात मुरवते. येताना वर्तमानपत्रात गुंडाळून चार बांगडे आणायची आणि पुढचा आठवडाभर लॅबचा फ्रीज कुणाला उघडवत नसे. लॅबमधले सगळे तिला आईच म्हणत.

त्या दिवशी उदबत्त्या विझल्यावर सगळे बैठकीच्या खोलीत चहाला बसले. सेन्सेई खुशीत होते. त्यांचं शेवटचं श्राद्ध, त्यात पर्सिमनच्या फळांची टोपली समोर आलेली. आईला ते मारेकरी पेशींबद्दल सांगायला लागले.

"आपल्या माणसाला त्या बरोबर ओळखतात बघा, आई. परका दिसला की संपला. आपला दिसला की हात आखडता."

आईने पेला खाली ठेवला. "तिच्या पेशी अजून आहेत म्हणालात ना तुम्ही?"

"एक कुपी आहे. का हो इसोनो?"

"आहे," चिहारू म्हणाली.

"मग त्या मला ओळखतील?"

"न ओळखायला काय झालं?" सेन्सेई म्हणाले. "आई तुम्ही तिच्या."

"मला बघता येईल?"

सेन्सेईंनी चिहारूकडे पाहिलं. लग्नाला गाणं म्हणायचा आग्रह झाला की माणूस बायकोकडे पाहतो, तसं पाहिलं. आणि मग म्हणाले, "आमची इसोनो दाखवील की."

खोलीतले बाकीचे एकेक करून पांगले. सेन्सेईंनीच आईचं रक्त काढलं, ते मूळचे डॉक्टर. बाही खाली करता करता आई बोलायला लागली. कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला अर्धं माहीत आहे, अर्धं मी सांगितलेलं नाही. तिचे बाबा गेले, त्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला ती आली नाही. प्रयोग चालू आहे म्हणाली. मी फोनवर म्हटलं, मग प्रयोगालाच आई म्हण. तेव्हापासून दोन वर्षं बोलणं बंद. माझंही, तिचंही. दोघी सारख्याच."

"ती पण तशीच बोलायची," चिहारू म्हणाली.

"ती गेली त्या संध्याकाळी दारात गाडी थांबली. दिव्यांचा उजेड पडद्यावर आला. मी कोंका ढवळत होते. मला आवाजावरून कळलं, ही तिचीच गाडी. पण मी उठले नाही. म्हटलं, बेल वाजव की. आईच्या दारात यायला आमंत्रण लागतं का? मी बसून राहिले आणि ती गाडीत बसून राहिली. मग गाडी गेली. गावाखालच्या वळणावर सापडली, तोंड शहराकडे." आईने दंडावरचा कापूस दाबून धरला. "शेजारी म्हणतात ती दुसरीच कुणाची गाडी होती, ती अजून पोचलीच नव्हती, घसरून फिरली असेल. माझ्या समाधानासाठी म्हणतात. पडद्यावर माझी सावली दिसत होती, तिने मला पाहिलं असणारच. मला एवढंच कळायला हवं आहे की मी तिच्या लेखी तिची होते की नव्हते. माणूस मेलं की कुणाला विचारणार? आता तुम्ही म्हणता तिचं काहीतरी जिवंत आहे आणि त्याला ओळखता येतं."

सेन्सेई पर्सिमन सोलत राहिले.

आईची बस गेल्यावर चिहारूने त्यांना गाठलं. "सेन्सेई, काय बोलून बसलात तुम्ही हे?"

"काय बोललो? आई-मुलगी आहेत. अर्धं सामान सारखंच असणार."

"अर्धंच. आणि तो लगाम एकच खूण ओळखतो. ती दर दहा माणसांत एखाद्याकडे असते. हिगाकीसानना ती वडिलांकडून आलेली असली तर?"

"तर तुझ्याकडे आहे की," सेन्सेई म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "बाईला काय कळतंय कुठली थाळी कुणाची."

हे खरं होतं. ती खूण चिहारूकडे होती, आणि म्हणूनच तोमोएला तिचं रक्त लागायचं. परीक्षेत एक घरची थाळी ठेवावी लागते, जिला मारेकरी पेशींनी सोडून द्यायला हवं. ती कायम चिहारूची असायची. "माझ्या पेशी तुझ्या केसालाही धक्का लावणार नाहीत, इसोनो," तोमोए म्हणायची. "माझं तसं नाही. चहा कुठाय?" चिहारूला एक धाकटी बहीण होती, आईवडील होते, पण आपण कुणाच्या घरचे आहोत असं तिला त्या थाळीइतकं दुसऱ्या कशाने वाटलं नव्हतं.

तिने शेवटची कुपी काढली. कोमट पाण्यात धरली. या वेळीही ती "उठा" म्हणाली.

पेशी उठल्या, खाऊन पिऊन वाढल्या. तोवर आईच्या रक्तातल्या पेशी डिवचून, फुगवून तिने तयार ठेवल्या, स्वतःच्याही ठेवल्या. आई यायच्या आधी थोड्याशा घेऊन तिने एकदा करून बघायचं ठरवलं. आधी बघितल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, हेही तोमोएनेच शिकवलेलं.

तिने चार वाट्या मांडल्या. दोहोंत स्वतःच्या पेशी, दोहोंत आईच्या. सगळ्यांवर तोमोएच्या मारेकरी पेशी सोडल्या. आणि प्रत्येक जोडीतल्या एका वाटीत तोमोएची अँटिबॉडी घातली. अशी अँटिबॉडी बाटलीत विकतही मिळते, पण ती तिने घेतली नाही. विकतच्या बाटलीत अँटिबॉडी टिकावी म्हणून विष घातलेलं असतं, रंगवून बघायला ते चालतं, पण जिवंत पेशींचा प्राण जातो. नवीन मुलं हमखास ही चूक करतात आणि मग आठवडाभर तोंड लपवतात. तिने त्या उंदराच्या पेशींनी घडवलेली घरची अँटिबॉडी घेतली, तीही शेपटीसारखा मागचा भाग कापलेली, नाहीतर मारेकरी पेशी शेपटीलाच पकडून पेटून उठते.

अँटिबॉडी लगामावर जाऊन बसली की लगाम झाकला जातो. मग पेशीला खूण लागली तरी लगाम खेचला जात नाही, आणि आपल्या माणसालाही ती मारते. तेव्हा हिशोब सोपा होता. अँटिबॉडी नसताना सोडलं आणि अँटिबॉडी घातल्यावर मारलं, तर ओळख होती. दोन्हीकडे मारलं, तर ओळख नव्हतीच.

चिहारूच्या वाट्या नेहमीसारख्याच निघाल्या. साध्या वाटीत सगळं शाबूत, अँटिबॉडीच्या वाटीत वाताहत. मग तिने आईच्या दोन वाट्या पाहिल्या, जागा बदलून पाहिल्या, भिंग पुसून पाहिल्या. दोन्हींत सारखीच कत्तल. लगाम झाकला काय आणि उघडा ठेवला काय, त्या पेशींना आईच्या अंगावर धरायला काही सापडलंच नव्हतं.

परक्या मुलीला ओळखलं होतं आणि आईला ओळखलं नव्हतं. चिहारूला त्या क्षणी आनंद झाला. अगदी छोटा, चोरटा, पण झाला. मग त्या आनंदाची तिला इतकी शिसारी आली की ती हात धुवायला गेली आणि धुतच राहिली. मागच्या स्टुलाचं चाक किंचित सरकल्यासारखा आवाज आला. या वेळी तिने वळून बघितलं. स्टूल होतं तिथेच होतं आणि त्यावर कुणी नव्हतं.

आई आली त्या दुपारी पाऊस पडत होता. बागेतल्या पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून त्यांना दोर बांधायचं काम माळ्यांनी अर्ध्यात सोडलं होतं. आईने देवळात जाताना घालतात तसा राखाडी कोट घातला होता, आणि केस नुकतेच बसवून घेतलेले दिसत होते. बांगडे आणले होतेच.

"सेन्सेई कुठे आहेत?" तिने विचारलं.

"मीटिंगला गेलेत," चिहारू म्हणाली. मीटिंग वगैरे काही नव्हती. सेन्सेई सकाळपासून गायब होते, आणि ते का, हे चिहारूला चांगलं कळत होतं.

दाराशी स्लिपर बदलून आई आतल्या खोलीत आली. दिवे मंद केलेले होते. ती दोन पावलं आत येऊन थांबली, आणि तिने नाक वर केलं.

"युझू सोललंय का कुणी इथे?"

चिहारूने बेसिनकडे बोट दाखवलं. "साबणाचा असेल," ती म्हणाली. त्या खोलीतल्या साबणाला वास नसतो.

"आमच्या अंगणात झाड आहे. तिला लहानपणापासून आवडतो." आई स्टुलावर बसली. कुठल्या, ते सांगायला नको.

उबेच्या कपाटात दोन छोट्या थाळ्या होत्या. एक आईची, एक चिहारूची. चिहारूने दार उघडलं आणि तिचा हात क्षणभर दोन्हींच्या मधे थांबला. आईला खरं सांगणं म्हणजे मेलेल्या मुलीच्या हातून तिला ठार मारवणं. असं कुणी करतं का? तिने स्वतःची थाळी उचलली आणि भिंगाखाली ठेवली.

"इथे डोळे लावा. हिरव्या दिसतात त्या तुमच्या. त्यांच्यात मी रंग भरलाय. जिवंत आहेत तोवर रंग आत राहतो."

"आणि ती?"

"त्या बारक्या, राखाडी, हलणाऱ्या. त्या हिगाकीसान."

आईने डोळे लावले आणि पाठ वाकवली. पावसाचा आवाज येत राहिला. चिहारू शेजारच्या पडद्यावर तेच बघत होती. एक राखाडी पेशी हिरवीच्या बाजूने निघाली, थांबली, पुन्हा निघाली.

"येतेय," आई पुटपुटली. "ये. ये की."

पेशी येऊन टेकली. अंग पसरून तिने हिरव्या पेशीचा काठ चाचपला, इकडून तिकडे, सावकाश. आईने टेबलाची कड घट्ट धरली होती. मग राखाडी पेशीने अंग आवरलं, ती सुटली आणि दुसरीकडे चालू लागली. हिरवी होती तशीच राहिली.

"ओळखलं तिने तुम्हाला," चिहारू म्हणाली. हे वाक्य तिने दोन दिवस घोकलं होतं.

"ओळखलं?"

"हो. ओळखलं, म्हणून काही केलं नाही."

"मग गेली का?"

"ओळखलं की त्या जातात, आई. ओळखीची खूणच ती. थांबल्या तर..."

आईने डोळे काढले नाहीत. आणखी एक राखाडी पेशी आली, टेकली, चाचपलं आणि निघून गेली. आणखी एक. त्या थाळीत जिकडे बघावं तिकडे तेच चाललेलं होतं. आईचे खांदे हलायला लागले, पण आवाज नव्हता.

"असंच झालं," ती शेवटी म्हणाली. "अगदी असंच. दारापर्यंत आली. आत कोण आहे ते बघितलं. आईच आहे म्हणून कळलं. आणि गेली." तिने डोळे काढले आणि मनगटाने पुसले. "शेजारी खोटं बोलत होते तेच बरं होतं, इसोनोसान. तुम्हीही तेवढं करायला हवं होतं माझ्यासाठी."

आपण काय केलं ते चिहारूला आत्ता दिसलं. तिच्या धंद्यात सोडून देणं ही माया होती. सगळं आयुष्य ती हेच शिकली होती, आणि या बाईच्या आयुष्यात सोडून जाण्याइतकं वाईट दुसरं काही नव्हतं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याची तिला लाज वाटली, आणि तिने आणखी विचार केला नाही. विचार केला असता तर ती गप्पच बसली असती.

"त्या तुमच्या पेशी नव्हत्या," ती म्हणाली. "माझ्या होत्या. मी खोटं बोलले."

आईने मान तिच्याकडे वळवली.

"तुमची थाळी आत आहे. ती दाखवायची नाही असं मी ठरवलं होतं. त्या थाळीत ती तुम्हाला ओळखत नाही. ज्या खुणेवर ती थांबते ती तुमच्याकडे नाही, तिच्या बाबांकडून आली असणार. ती तुम्हाला परकी समजते. मारते."

"मला?"

"तुम्हाला."

आई मांडीवरचे हात बघत बसली. मुठी आवळल्या, सोडल्या. "दाखव," ती म्हणाली. चिहारूला ती पहिल्यांदाच असं एकेरी बोलत होती.

चिहारूने थाळी बदलली. भिंग पुन्हा बसवलं. आई पुन्हा वाकली.

हिरव्यांच्या मधून एक राखाडी पेशी आली. पहिलीसारखीच आली, थांबत, चालत. येऊन टेकली, चाचपलं. चिहारूने नजर दुसरीकडे वळवली. मग तिला वाटलं, या बाईला एकटीने बघायला लावणं बरं नाही, म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं. राखाडी पेशी सुटली नव्हती. तिने अंग पसरून हिरव्या पेशीला विळखा घातला होता आणि आता ती हलत नव्हती.

"गेली नाही," आई म्हणाली.

"नाही. आता नाही जाणार."

"किती वेळ?"

"काम होईपर्यंत. अर्धा तास, कधी जास्त."

"मला दुखत नाहीये," आई म्हणाली. ती हे कुणाला सांगत होती कळलं नाही. "मी उठून दार उघडलं असतं ना, तर तिने हेच केलं असतं. ओट्यावर उभी राहून बोलली असती. बाबांच्या वेळचं काढलं असतं, त्याच्या आधीचं काढलं असतं. जीव खाल्ला असता माझा. मीही काही कमी नव्हते. सबंध रात्र गेली असती त्यात. पण मग त्या वळणावर कुणी गेलं नसतं."

चिहारूला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. युझूचा वास आता इतका दाट झाला होता, जणू कुणीतरी दोघींच्या मधे येऊन उभं राहिलं होतं.

भिंगाखालची हिरवी पेशी फुगत गेली. कडेला बुडबुडे आले. मग रंग हळूहळू गळायला लागला, आणि बघता बघता त्या जागी काळोख झाला. राखाडी पेशी आणखी थोडा वेळ त्या काळोखाला धरून राहिली, मग सुटली.

"झालं?" आईने विचारलं.

"ती एक झाली."

"आता कुठे चालली?"

"दुसऱ्या हिरवीकडे," चिहारू म्हणाली. "तीही तुमचीच आहे. बंद करू का, आई?"

आईने एका हाताने तिला अडवलं. डोळे भिंगावरून काढले नाहीत.

"राहू दे," ती म्हणाली. "येऊ दे तिला. मी पुष्कळ आहे अजून."